विक्रीचं डेटा वेअरहाऊस, पुढचा टप्पा: वस्तूंचा इतिहास आणि जोड्यांचं मायनिंग

या टप्प्यात फॅक्ट टेबल (विक्रीच्या नोंदी) जागेवर बसलं, वस्तूंच्या डायमेन्शनला (वस्तूंची माहिती ठेवणारं टेबल) इतिहास जोडला आणि जोड्या, म्हणजे एकाच बिलात एकत्र खपणाऱ्या वस्तू, शोधायला सुरुवात झाली. सगळं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर.

ग्रेन, म्हणजे नोंदीची बारकाई: बिलातली एक ओळ म्हणजे फॅक्टची एक ओळ. अख्ख्या बिलावरची सूट प्रत्येक ओळीत तशीच लिहिली, तर पाच ओळींच्या बिलात ती पाचपट होते. म्हणून ती ओळींच्या रकमेच्या प्रमाणात वाटली. राउंडिंगमध्ये उरणारा फरक सर्वांत मोठ्या ओळीवर.

लोडिंगमध्ये विशेष काही नाही. फाइल कॉपी कमांडने अनलॉग्ड (बदलांचा लॉग न ठेवणाऱ्या) तात्पुरत्या स्टेजिंग टेबलात, तिथे सगळे कॉलम टेक्स्ट. मग तारखेच्या क्रमाने फॅक्टच्या मासिक पार्टिशनमध्ये (टेबलाचे महिन्यागणिक तुकडे). क्रम महत्त्वाचा, कारण तारखेवर ब्रिन इंडेक्स आहे. तो डीफॉल्टने ८ केबीच्या १२८ पानांमागे, म्हणजे १ एमबीमागे, फक्त किमान-कमाल तारीख ठेवतो. ओळी विस्कटून पडल्या की तो असून नसल्यासारखा. लोड संपला की पालक टेबलावर (ज्याचे हे तुकडे) ॲनालाइझ, म्हणजे क्वेरी आखायला लागणारी आकडेवारी गोळा करणं, हाताने चालवायचं. ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप चालणारी देखभाल) पालकासाठी ते करत नाही.

खरी डोकेदुखी इतिहासाची. वस्तू ११७ चा वर्ग १५ मार्चला बदलला असं धरा. टाइप २ पद्धतीने (जुनी ओळ ठेवून बदलासाठी नवी घालणं) तिच्या दोन ओळी होतात: पहिली १५ मार्चला संपते, दुसरी त्याच दिवशी सुरू होते. जॉइनमध्ये बिटवीन (दोन्ही टोकं धरणारी अट) वापरलं की १५ मार्चची विक्री दोन्ही ओळींना चिकटते. फुगतो फक्त तो एक दिवस, त्यामुळे मासिक रिपोर्टमध्ये नजरेतून सुटतो. उपाय: तारीख 'पासून'पेक्षा मोठी किंवा समान, पण 'पर्यंत'पेक्षा काटेकोर लहान. चालू ओळीच्या 'पर्यंत'मध्ये नल (रिकामं) न ठेवता इन्फिनिटी. शिवाय डेटरेंजवर (तारखांचा पल्ला) एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (बीट्री-जिस्ट एक्स्टेन्शन लागतं), म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या ओळी आतच येत नाहीत. एकूण बेरीज जुळली म्हणून निर्धास्त राहू नका. एकीकडची गळती आणि दुसरीकडची दुप्पट एकमेकांना झाकतात. लेफ्ट जॉइन (न जुळलेल्या फॅक्ट ओळीही ठेवणारा) करून प्रत्येक फॅक्ट ओळीला नेमकी एकच डायमेन्शन ओळ मिळते का, तेच मोजायचं.

हाच इतिहास मायनिंगमध्ये आडवा येतो. जोड्या सरोगेट कीवर (डायमेन्शनच्या प्रत्येक ओळीचा वेगळा क्रमांक) मोजल्या तर ११७ च्या दोन वेगळ्या वस्तू होतात, सपोर्ट (जोडी किती बिलांत येते) विभागला जातो आणि चांगली जोडी उंबरठ्याखाली जाते. इथे मूळ वस्तू क्रमांकच हवा. आधी बिल आणि वस्तू यांचं डिस्टिंक्ट (पुनरावृत्ती काढणं), मग दुर्मीळ वस्तू गाळणं, शेवटी सेल्फ जॉइन (टेबल स्वतःशीच जोडणं), पहिला क्रमांक दुसऱ्यापेक्षा लहान या अटीसह. आधी गाळायचं कारण साधं आहे: जोडी तिच्यातल्या कमी खपणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त बिलांत असूच शकत नाही. ४० वस्तूंच्या बिलातून ७८० जोड्या निघतात, ४०० वस्तूंच्या बिलातून ७९,८००. घाऊक बिलं त्यामुळे बाजूलाच काढलेली बरी.

कॉन्फिडन्स (एक वस्तू असलेल्या बिलांपैकी किती बिलांत दुसरीही आहे) सगळीकडे शून्य दिसला तर इंटीजर भागाकार (अपूर्णांक टाकून देणारा) तपासा. एक बाजू न्यूमरिक करा. आणि नुसत्या लिफ्टवर (योगायोगाने अपेक्षित असेल त्याच्या किती पट जोडी दिसते) क्रम लावू नका: १,००,००० बिलांत एकेकदाच, तेही एकाच बिलात खपलेल्या दोन वस्तूंचा लिफ्ट १,००,००० येतो. यादीत त्याच सर्वांत वर.

बाकी काम: जोड्यांचा मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल). रिफ्रेश कॉन्करंटली (वाचन न अडवता) चालवायचं तर त्यावर युनिक इंडेक्स लागेल. दोन्ही वस्तू क्रमांक मिळून तो होईल.