पुडी वाडग्यात

इन्स्टंट नूडल्सचं पाकीट फोडलं की आत दोन गोष्टी निघतात: एक नागमोडी वडी आणि एक मसाल्याची पुडी. घरोघरी प्रयोग होतात ते वडीवर. कुणी तिचे चार तुकडे करतं, कुणी पाकिटातच बुक्की मारून चुरा करतं, कुणी अख्खी टाकतं आणि मग त्या लांब दोऱ्यांशी झटापट करतं. पुडीचं मात्र ठरलेलं असतं. पाणी उकळलं की फाडायची, झटकायची, कोपऱ्यात चिकटलेलं बोटानं निपटायचं. वास्तविक चवीची आणि तब्येतीची निम्मी गणितं पुडीशी अडलेली असतात, आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं.

जपानात रामेनच्या, म्हणजे सुपातल्या नूडल्सच्या, दुकानात काय करतात ते पाहावं. रिकाम्या वाडग्यात आधी मीठ-सोया सॉसचं एक दाट, खारट मिश्रण ओततात. त्याला ‘तारे’ म्हणतात (आकाशातल्या ताऱ्यांशी संबंध नाही). त्यावर गरम सूप, बहुतेक ठिकाणी अळणी. मग वेगळ्या पाण्यात उकडून निथळलेल्या नूडल्स, त्यावर अंडं, कांद्याची पात वगैरे, आणि शेवटी चमचाभर वासाचं तेल. खारटपणा वाडग्याच्या तळाशी थांबलेला असतो, पातेल्यात तो कधी जातच नाही. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही पानात आधी मीठच वाढतात आणि वरणावर तूप शेवटी येतं.

इन्स्टंट नूडल्सची पुडी म्हणजे हेच तारे, वाळवून भुकटी केलेलं. म्हणून ती पातेल्यात न टाकता वाडग्यात टाकायची. आधी अर्धी. त्यावर गरम पाणी किंवा सूप, मग नूडल्स, मग ढवळून चाखायचं आणि कमी वाटलं तर चिमटीनं वाढवायचं. पातेल्यात एकदा गेलेलं मीठ परत काढता येत नाही, वाडग्यात ते आपल्या हातात राहतं.

अर्धी का, हे पाकिटाच्या पाठीवर लिहिलेलं असतं. सोडियमचा आकडा शोधायचा आणि अडीचनं गुणायचं, म्हणजे मीठ किती ते कळतं. आपल्याकडच्या ७० ग्रॅमच्या पाकिटात हा आकडा ब्रँडप्रमाणे ७०० ते १००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे मीठ साधारण पावणेदोन ते अडीच ग्रॅम. १२० ग्रॅमच्या कोरियन पाकिटांपैकी काहींत सोडियम १७०० च्याही पुढे जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सुचवलेली मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. आकडा वाचताना तो १०० ग्रॅमचा आहे की एका पाकिटाचा, हे बघायला विसरू नये. आणि अर्धी पुडी म्हणजे अर्धं मीठ असंही होत नाही, कारण वडीच्या पिठातही मीठ मळलेलं असतं.

आता वडी. १९५८ साली ओसाकाजवळच्या इकेदा गावात, घरामागच्या एका शेडमध्ये खटपट करून मोमोफुकु आंदो यांनी ही युक्ती बसवली: शिजवलेल्या नूडल्स गरम तेलात झटपट तळायच्या. आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, जाताना बारीक छिद्रं ठेवून जातं, आणि नंतर उकळतं पाणी त्याच छिद्रांतून परत आत शिरतं. दोन मिनिटांत शिजण्याचं गुपित एवढंच. म्हणजे वडी कच्ची नसतेच, ती आधीच शिजवून तळलेली शेवई असते. तळलेल्या वडीत वजनाच्या १५ ते २० टक्के तेल असतं. ‘आटा’, ‘मल्टीग्रेन’ असं ठळक लिहिलेली वडीही बऱ्याचदा तळलेलीच असते, आणि घटकांची यादी वाचली की गव्हाच्या पिठाबरोबर मैदाही हळूच बसलेला सापडतो. तळलेलं नको असेल तर हवेनं वाळवलेल्या नूडल्स मिळतात, त्यांना चार-पाच मिनिटं लागतात.

यादीत ५०० आणि ५०१ असे आकडे दिसले तर दचकू नये. ते सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, आपल्या पापडखाराच्या सख्ख्या नात्यातले. पापडाच्या पिठाला खार जे करतो तेच ते इथे करतात: पीठ घट्ट आणि लवचिक होतं, मैद्याला हलकी पिवळी झाक येते आणि दोरा पाण्यात लगेच विरघळत नाही. वडीवर मेणाचा थर असतो, ही मात्र निव्वळ ऐकीव गोष्ट. पाण्यावर दिसतो तो तेलाचा तवंग आणि पिठाचा फेस.

हा तवंग घालवायचा असेल तर दोन भांडी लागतात, आणि इथेच आळस आडवा येतो. एका पातेल्यात अर्धा लिटर पाणी खळखळून उकळायचं, वडी अख्खी टाकायची, एक मिनिट हात लावायचा नाही, मग उलटून काट्यानं अलगद मोकळी करायची आणि अजून अर्ध्या मिनिटात चाळणीत निथळायची. मधे कणभर कडकपणा राहायला हवा, कारण वाडग्यातल्या गरम सुपात ती शिजतच असते. पातेल्यातच ‘झाली’ असं वाटलं, तर टेबलावर पोचेपर्यंत तिची खीर झालेली असते. निथळल्यामुळे थोडं तेल आणि थोडं मीठ जातं, पण पिठाचा दाटपणाही जातो आणि सूप पाणचट लागतं. मग दाटपणा दुसरीकडून आणावा लागतो.

तो आणायची मराठी स्वयंपाकघरातली उत्तम जागा म्हणजे कुकर. तूरडाळ शिजली की घोटण्याआधी वरचं पिवळं पाणी, म्हणजे कट, पळीनं काढून घ्यायचा. माणशी दीड वाटी पुरे. डाळ मीठ न घालता लावलेली असावी, नाहीतर सगळा हिशेब फसतो. या कटात आल्याचा एक ठेचलेला तुकडा, तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला अर्धा कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्या घालून दहा मिनिटं मंद उकळलं आणि गाळलं, की अंगाला भरलेलं, अळणी, सोनेरी सूप तयार. घोटलेलं वरण ओतू नये, पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. गव्हाचं पीठ आणि डाळीचं पाणी ही जोडी ज्यांनी वरणफळं खाल्ली आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

कट नसेल तर दाण्याचं कूट. चार चमचे कोमट पाण्यात एक मोठा चमचा बारीक कूट कालवून वाडग्यात पुडीबरोबर घालायचं. कोरडं कूट थेट उकळत्या सुपात टाकलं की गोळ्या होतात आणि तेल सुटून वर येतं. तिळाची पूड घालून जपानमध्ये जे तिखट, दाट ‘तांतांमेन’ करतात, त्याच्या जवळपास आपण अशा रीतीनं पोचतो. खारवलेल्या दाण्यांचं कूट मात्र नको.

भाज्यांत चूक होते ती सगळ्या एकदम टाकण्याची. फ्रीजमधल्या गारेगार भाज्यांची मूठ पडली की उकळी बसते आणि वडी कोमट पाण्यात भिजत राहते. गाजर आणि फरसबी बारीक चिरून चार मिनिटं आधी, कोबी दोन मिनिटं आधी, पालक शेवटच्या अर्ध्या मिनिटात, कांद्याची पात थेट वाडग्यात. मोड आलेली मटकी वेगळी वाफवून घ्यावी, कारण नूडल्सच्या वेळात ती शिजत नाही. भाज्यांचं वजन कोरड्या वडीएवढं तरी असावं. पाच वाटाणे आणि गाजराचे आठ चौकोन घालून मनाला ‘पौष्टिक’ म्हणायची प्रथा आहे, तिचा उपयोग मनालाच होतो. टोमॅटो आणि मशरूम मात्र दुहेरी कामाचे. दोन्हींत ग्लुटामेट, म्हणजे सुपाला भरीव चव देणारा घटक, मुळातच असतं; १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या सुपातून वेगळं काढलं तेच. म्हणून एक टोमॅटो आधी चमचाभर पाण्यात मऊ शिजवून घेतला की पुडी अर्धी घातल्याचं जिभेला फारसं कळत नाही.

प्रथिनं एका वडीत पाच-सहा ग्रॅम असतात, एक अंडं तेवढीच भर घालतं. अंडं उकडायला गार पाण्यापासून सुरुवात करू नये, वेळेचा अंदाज चुकतो. उकळत्या पाण्यात पळीनं हळूच सोडायचं, साडेसहा मिनिटं (फ्रीजमधलं असेल तर सात), आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. पांढरं घट्ट, पिवळं मुरंब्यासारखं राहतं. एवढा खटाटोप नको असेल तर फेटलेलं अंडं सुपात सोडायचं, पण आधी गॅस बंद करून. सूप पळीनं गोल फिरवायचं आणि त्या भोवऱ्यात अंड्याची बारीक धार धरायची, मग वीस सेकंद हात आवरायचा. रेशमासारख्या पट्ट्या होतात. खळखळत्या सुपात ओतलं की फुटलेल्या दुधासारखा चुरा होतो आणि सूप गढूळ. अंडं खात नसाल तर पनीरचे तुकडे किंवा वाफवलेली मटकी आहेच. अंड्याचा पिवळा बलक, मेयोनीज आणि पुडी एकत्र फेटून वर गरम पाणी ओतायची एक रीत सध्या जोरात आहे. चव झकास लागते, पण तिला आरोग्याच्या खात्यात लिहू नये. चीजच्या स्लाइसचंही तेच. ती दुसरी मिठाची पुडीच.

शेवटी वासाचं तेल, म्हणजे फोडणीच. माणशी एक लहान चमचा तीळ तेल किंवा शेंगदाणा तेल, बारीक चिरलेल्या दोन लसूण पाकळ्या, अर्धा चमचा तीळ. लसूण गार तेलात घालून मंद आचेवर ठेवायचा आणि कडा जेमतेम पिवळट झाल्या की गॅस बंद. उरलेलं काम गरम तेल करतं. तांबूस होईपर्यंत वाट पाहिली तर वाडग्यात पोचेस्तोवर तो कडू झालेला असतो. लाल तिखट गॅस बंद केल्यावर, दहा सेकंद थांबून. मग ही फोडणी वाडग्यावर ओतायची, चर्र आवाज ऐकायचा आणि लिंबू पिळायचं. लिंबू उकळत्या पातेल्यात कधीच नाही, त्याचा वास उडून जातो.

शाळेच्या डब्यात नूडल्स नेण्याचा हट्ट असतोच. सुपातल्या नेल्या की मधल्या सुट्टीत शिऱ्याची मूद निघते. डब्यासाठी एक मिनिटातच उतरवायच्या, गार पाण्याखाली धुवायच्या, अर्धा चमचा तेल चोळायचं आणि परतलेल्या भाज्यांत कोरडी पुडी भुरभुरायची.

उरला प्रश्न अर्ध्या पुड्यांचा. त्या दुमडून, रबर लावून खणात जातात आणि पावसाळ्यात दगड होतात. त्यापेक्षा एका लहान कोरड्या बरणीत रिकाम्या कराव्यात. ऑम्लेटमध्ये, बटाट्याच्या काचऱ्यांवर, मटकीच्या उसळीत चिमूटभर घालायला बऱ्या. फक्त बरणीवर ‘मीठ आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं, नाहीतर काचऱ्यांत मीठ दोनदा पडतं.