उलट्या बाणाची फळी

आमच्या स्वयंपाकघरात एक फळी आहे, पाइनच्या लाकडाची. तिच्यावर काळ्या शाईत बाण आणि काचेचा पेला छापलाय. सुताराने ती उलटी ठोकली, त्यामुळे बाण जमिनीकडे बोट दाखवतो. 1996 साली कुदळवाडीच्या भंगारातून आणली. विकणारा म्हणाला, "मर्सिडीजच्या खोक्याची आहे, जर्मनीची." खरंखोटं तोच जाणे. मी मात्र चार रुपये जास्त मोजले.

त्याला कारण आमचे मामा. मामांनी उमेदीची वर्षं टाटा-मर्सिडीज ट्रकवर काढली. मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलर-बेंझशी करार करून टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1954 मध्ये जमशेदपूरला हे ट्रक बनवायला घेतले. पंधरा वर्षांचा करार 1969 ला संपला आणि जाळीवरच्या मर्सिडीजच्या चांदणीच्या जागी 'टी' आला. मामा म्हणायचे, "चांदणी गेली, गाडी तीच."

ती चांदणी 1995 मध्ये आमच्या पिंपरीत परत आली, तीही ट्रकवर नव्हे, ई-क्लास मोटारीवर. टेल्कोच्याच भागीदारीत, त्यांच्याच आवारात जोडणी सुरू झाली. पण आपल्याकडे आलेलं मॉडेल डब्ल्यू 124, आणि त्याच वर्षी जर्मनीत गोल दिव्यांची नवी ई-क्लास बाजारात. पैसेवाल्यांनी नाकं मुरडली. एवढे पैसे मोजून शिळी भाजी कोण घेईल?

बरं, सगळी गाडी तिकडून बोटीने आणायची सोडून हा खटाटोप कशाला? जकातीसाठी. तयार गाडीवर भरमसाट शुल्क, सुट्या भागांवर बरंच कमी. इंजिन-गिअरबॉक्स आधीच जोडून आणलात तर पुन्हा जास्त. म्हणून या कारखान्यांत काय जुळवायचं आणि काय जुळवून आणायचं, हे इंजिनिअरइतकंच दिल्लीचं बजेट ठरवतं. माझी आवडती गोष्ट यातलीच: 1997 पासून मर्सिडीजची इंजिनं इथे जोडायचं काम कुणाकडे? बजाज टेम्पोकडे, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सकडे. वऱ्हाड नेणारी मॅटॅडोर ज्यांची, त्यांच्याकडे!

मी कन्व्हेयरच्या मेंटेनन्सचा माणूस, गाड्यांच्या बऱ्याच लाइन पाहिल्या. सगळीकडे एक जागा अशी असते की येणारा पाहुणा तिथेच थबकतो. वर बॉडी टांगलेली, खालून ट्रॉलीवर इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल अलगद वर चढतं. वायरीचा एखादा गुच्छ मध्ये येऊ नये म्हणून एकजण हाताने बाजूला धरून उभा, जसा अंतरपाट धरतात तसा. मग बोल्ट. याला 'मॅरेज' म्हणतात. जर्मनीतही लग्नच म्हणतात. आमची पोरं ट्रॉली वर जाताना "सावधान" म्हणायची, सुपरवायझर नसला की मंगलाष्टकंही.

पुढे टेल्कोने भागीदारी सोडली आणि 2009 मध्ये मर्सिडीजने चाकणला शंभर एकरांवर स्वतःचा संसार थाटला. तोवर चाकण म्हटलं की आम्हाला कांदा-बटाट्याचा बाजार आठवायचा. आता तिथल्या ट्रॅफिकमध्ये कांद्याचा टेम्पो आणि कोट्यवधींची गाडी शेजारी-शेजारी सारख्याच रडतात.

2022 पासून चाकणला ईक्यूएस 580 जुळवू लागले. विजेवरची, म्हणजे इंजिनच नाही. मी माझ्या भाच्याला विचारलं, "मग रे, लग्न कुणाशी लावतात?"

"बॅटरीशी, मामा."