चिलखताची मान

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्यांदा वाचली तेव्हा सगळं लक्ष एडवर्डकडं होतं. लाल कोट, सोनेरी वेणी, पोलादी उजवा हात. तिसऱ्या वाचनात नजर त्याच्या धाकट्या भावावर, अल्फॉन्सवर अडकली ती अडकलीच.

मेलेल्या आईला किमयेनं परत जिवंत करायच्या नादात अल्फॉन्सचं अख्खं शरीर गेलं. एडनं स्वतःचा हात देऊन त्याचा जीव घरातल्या रिकाम्या चिलखतात बांधला. आता हा धाकटाच एवढा धिप्पाड, की ‘फुलमेटल’ ही एडची पदवी असून ‘फुलमेटल’ म्हणजे हाच असं समजून लोक आधी त्याच्याकडं बघतात आणि बुटका एड चिडतो.

त्याच्या चेहऱ्यावर काढायला काहीच नाही. लोखंडी शिरस्त्राण, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. तरी तो घाबरला, लाजला, रुसला, सगळं कळतं. ही मांगा लिहिणारी-काढणारी हिरोमु अराकावा त्याची मान कलती करते, खांदे पाडते. तो अंग चोरून बसला, की चिलखत दिसतच नाही, चौदा वर्षांचं पोरगं दिसतं.

आमच्या डिग्रजच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. म्हशीच्या तोंडावर काय वाचणार? कान बघायचे, मान बघायची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी चढायला लागलं तशी आम्ही दावी सोडून जनावरं वरच्या रस्त्याला नेली. थोरली म्हैस रात्रभर मान खाली घालून उभी होती. वैरणीला तोंड लावलं नाही. आई एवढंच म्हणाली, “रेडकासाठी झुरतीया.” रेडकू दुसऱ्या ट्रॉलीतनं पुढं गेलं होतं.

अराकावा होक्काइडोतल्या दुधाचा धंदा करणाऱ्या घरात वाढली. स्वतःचं चित्र काढते तेही चष्मा लावलेल्या गाईचं. मान वाचायला तिला गोठ्यानंच शिकवलं असणार, असं मला पक्कं वाटतं.

अल्फॉन्सला भूक नाही, झोप नाही. शरीर मिळाल्यावर काय काय खायचं याची तो वहीत यादी करतो. बालमैत्रीण विन्रीच्या हातचा ॲपल पायही त्यात आहे. अख्ख्या मांगेत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही यादी. लढाया नंतर.

पुढं शेवट सांगतोय, वाचायची असेल तर इथंच थांबा. २००१ ला सुरू झालेली ही गोष्ट २०१० ला संपते, २७ व्या खंडात. अल्फॉन्सला शरीर परत मिळतं, हाडं वर आलेलं, केस वाढलेलं. किती वाट बघितली होती मी त्या चेहऱ्याची! आणि समोर आला तेव्हा क्षणभर ओळखच पटेना.