भाच्याचा पहिला संगणक आणि भागांची जुळणी

गेल्या मे महिन्यात भाच्याची दुसऱ्या वर्षाची पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, संपली, सीईटीही झाली, आणि अक्काने त्याला दोन वर्षांपूर्वी दिलेला शब्द पाळायचे ठरवले. अभ्यासाला आणि खेळायला चालेल असा संगणक घ्यायचा, खर्च पन्नास हजारांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही आणि भाग निवडताना मामाने सोबत बसायचे, एवढे तिने सांगितले. भाचा बेळगावजवळच्या खानापुरात आमच्या घरी आला तो वहीच्या पानावर यादी लिहूनच. रायझेन ५ ७६०० हा प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडायचे ती मुख्य पाटी), सोळा जीबी डीडीआर४ रॅम, त्याखाली पडद्यावरचे चित्र उमटवणारे ग्राफिक कार्ड आणि काचेचे कॅबिनेट. प्रत्येक वस्तूची त्याने कसून चौकशी केली होती आणि एकेकटी पाहिली तर प्रत्येक वस्तू चांगलीच होती. मात्र त्या यादीतून संगणक उभा राहिला नसता, कारण तो प्रोसेसर त्या मदरबोर्डवर बसतच नाही.

कारण साधे आहे, तरी पहिल्यांदा घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही. एएमडी कंपनीचे २०१७ पासूनचे रायझेन प्रोसेसर मदरबोर्डावरच्या एएम४ नावाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खोबणीत, बसत आणि त्यांना डीडीआर४ रॅम लागे. २०२२ मध्ये आलेल्या ७००० मालिकेपासून सॉकेट एएम५ झाले आणि रॅम फक्त डीडीआर५. बी५५० हा एएम४ चा मदरबोर्ड आहे. इंटेलच्या बाबतीत घोटाळा वेगळ्या ठिकाणी होतो. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर एकाच एलजीए१७०० सॉकेटमध्ये बसतात, पण त्या सॉकेटचे काही मदरबोर्ड डीडीआर४ चे असतात तर काही डीडीआर५ चे, आणि नावात एखाददुसऱ्या अक्षराचाच फरक असतो. दोन्ही प्रकारच्या रॅमला २८८ पिनाच असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टी दोन अंगठ्यांनी दाबूनही बसत नसेल, तर आणखी जोर न लावता आधी ती खाच पाहावी.

मी त्याला यादी बाजूला ठेवायला सांगितले आणि विचारले, कोणते खेळ खेळणार आणि कोणत्या पडद्यावर? निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात आणि फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, त्यामुळे ग्राफिक कार्डावर पडणारे ओझेही त्याच मानाने वाढते. भाच्याला वॅलोरंट, जीटीए आणि फुटबॉलचे खेळ खेळायचे होते, पडदा चोवीस इंची होता. एवढ्यासाठी आठ जीबी मेमरीचे आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड पुरेसे होते, आणि एकूण रकमेतील चाळीस टक्के त्याच्यासाठी वेगळे काढून उरलेल्यात बाकीचे बसवायचे असे आम्ही ठरवले. आमच्या बिलातले आकडे मुद्दाम देत नाही, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर एवढे चढले की ते आकडे आता दिशाभूलच करतील. हे प्रमाण मात्र मला अजूनही योग्य वाटते.

कार्डाच्या बाबतीत एक बारकावा सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्त म्हणून पुष्कळांच्या डोळ्यांत भरते, पण ते मदरबोर्डाशी पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या, फक्त चार मार्गांनी बोलते. चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर ते निभावून नेते, तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डावर मात्र तेच चार मार्ग निम्म्या वेगाचे होतात आणि चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. आरएक्स ६६०० ला असे आठ मार्ग आहेत, त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर त्याचे नुकसान किरकोळ होते. म्हणूनच आम्हाला पैसे वाचवून तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईचा, एएम४ चाच जुना बी४५० मदरबोर्ड आणि त्यावर रायझेन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर घेण्याचे धाडस करता आले. प्रोसेसरसोबत पंखा येतो, तेवढाही खर्च वाचला.

आणि याच बी४५० ने आम्हाला दोन दिवस रडवले. बेळगावहून आणलेले सगळे खोके आम्ही बैठकीच्या खोलीत सतरंजीवर उघडले. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, प्रोसेसर हलकेच सोडला, तो आपल्या वजनानेच बसला, मग कडेची तार खाली केली. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, त्यामुळे हे काम श्वास रोखून करावे लागते. सगळे जोडून बटण दाबले. "मामा, पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही," भाचा म्हणाला. आम्ही रॅम काढून पुन्हा बसवली, एकच पट्टी लावून पाहिली, केबल बदलली. काही फरक पडला नाही.

दोष कोणत्याच भागात नव्हता. बी४५० हे चिपसेट, म्हणजे मदरबोर्डाचा कारभार पाहणारी चिप, २०१८ चे आणि रायझेन ५ ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. आमचा मदरबोर्ड त्याआधी तयार होऊन दुकानात पडून राहिला होता आणि त्यातल्या जुन्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डातल्या प्रणालीला, हा प्रोसेसर ओळखताच येत नव्हता. सॉकेट तेच, रॅम तीच, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मदरबोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आमच्या प्रोसेसरचे नावही होते, पण त्या नावासमोरच्या रकान्यात बायोसची किमान आवृत्ती दिलेली असते आणि तो रकाना मी वाचला नव्हता. दुकानदारानेही विचारले नाही. ते त्याने विचारायला हवे होते असे मला आजही वाटते, कारण मदरबोर्ड आणि प्रोसेसर एकाच बिलावर होते. काही मदरबोर्डांना प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण असते. आमच्याला ते नव्हते. सोमवारी सकाळच्या गाडीने मदरबोर्ड घेऊन पुन्हा बेळगाव गाठले आणि दुसऱ्या एका दुकानातल्या कारागिराने आपल्याजवळचा जुना एएम४ प्रोसेसर लावून वीस मिनिटांत नवी आवृत्ती भरून दिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की मदरबोर्ड घेताना प्रोसेसर दुकानातच बसवून डिस्प्ले येतो हे डोळ्यांनी पाहूनच बाहेर पडा. मात्र त्यासाठी ग्राफिक कार्डही सोबत असावे लागते, कारण रायझेन ५ ५६०० ला किंवा इंटेलच्या नावाअखेर एफ असलेल्या प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नसते.

ज्यांच्याकडे कार्डापुरते पैसे आज नाहीत त्यांनी रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊन सुरुवात करायला हरकत नाही. त्याला स्वतःचे ग्राफिक्स आहे आणि कार्ड पुढे जोडता येते, फक्त त्यातली कॅश मेमरी (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे एवढे लक्षात असू द्यावे. रॅम मात्र सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. मदरबोर्डावर रॅमसाठी चार जागा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत त्या लावाव्यात, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम लिहिलेल्या वेगाने चालवणारी सोय, चालू करावे, नाहीतर ३२०० लिहिलेली रॅम कित्येकदा २४०० किंवा २६६६ वरच चालत राहते.

आता एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आमच्या भागात यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असतो आणि पावसाळ्यात सगळा भार यावरच येतो. कॅबिनेटसोबत मिळणारा फुकटचा एसएमपीएस ग्राफिक कार्ड असलेल्या संगणकाला कधीही वापरू नये. आमचा हिशेब असा होता की प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ वॅटचे, बाकी सगळे मिळून पन्नासेक वॅट, म्हणजे जोर लागला तरी अडीचशे-पावणेतीनशे. त्यावर आम्ही ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घेतला. त्याच्या केबली लावताना चूक होऊ शकते, कारण प्रोसेसरची केबल चार आणि चार पिनांची असते, कार्डाची सहा आणि दोन पिनांची. दोन्ही आठ पिनांच्या दिसल्या तरी एक दुसऱ्याच्या जागी लावायची नाही.

खानापूरकडे जूनमध्ये पाऊस लागला की फांदी तारेवर पडून दिवसातून चार वेळा वीज जाते, तेव्हा यूपीएस हवाच. यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये लिहितात, आणि बाजारात सहज मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. संगणक आणि पडदा मिळून आमचा भार तीनशेपर्यंत जाणार होता आणि बॅटरी जुनी झाल्यावर तेवढा फरक पुरत नाही, म्हणून आम्ही १००० व्हीएचा घेतला.

त्याहून महत्त्वाची आहे अर्थिंग. अक्काच्या जुन्या कौलारू घरात संगणक लावला, तेव्हा कॅबिनेटच्या पत्र्याला पायाचा अंगठा लागताच झिणझिण्या येत होत्या. एसएमपीएसमध्ये वीज स्वच्छ करणारे कपॅसिटर असतात आणि त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. ती तार नुसती भिंतीत खुपसलेली असेल, तर तो प्रवाह कॅबिनेटवर येऊन थांबतो. वायरमनला बोलावून परड्यात नवी अर्थिंग करून घेतली आणि झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या. हा खर्च कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो, पण अंदाजपत्रकात तो धरलाच पाहिजे.

कॅबिनेटविषयी फार सांगण्यासारखे नाही. समोर काचेऐवजी जाळी असावी, कारण आमच्याकडची तांबडी धूळ उन्हाळ्यात कुठेही शिरते आणि हवा खेळती नसेल तर कार्ड तापते. कार्डाची लांबी कॅबिनेटच्या माहितीशी मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी.

कार्यालयांतून निघालेला जुना संगणक घेऊन त्यात कार्ड बसवण्याचा सल्लाही आम्हाला एका स्नेह्यांनी दिला होता. तो आम्ही मानला नाही. अशा संगणकांचा एसएमपीएस कमी वॅटचा असतो, त्याचे कनेक्टर कित्येकदा त्या कंपनीपुरतेच असतात, आणि आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर असेल तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर वॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या संगणकातल्या सुरक्षेच्या सोयीही लागतात.

खरेदी कुठून करावी, हा प्रश्न सीमाभागात हमखास निघतो. कोल्हापूर स्वस्त की बेळगाव, यावर आमच्याकडे पैजा लागतात. कर दोन्हीकडे सारखाच, अठरा टक्के जीएसटी, तेव्हा राज्य बदलल्याने त्यात बचत होत नाही. मी बेळगावच्या बाजूने आहे, कारण बिघडलेला भाग हातात घेऊन ज्या दुकानात जायचे ते सकाळी जाऊन दुपारी परत येण्याच्या अंतरावर असावे. बिल मात्र पक्के घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. भाच्याचे बिल अक्काने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे, रिकामे खोके माळ्यावर आहेत, आणि प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी संपेपर्यंत दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा ते टाकू नकोस, असे मी तिला सांगून ठेवले आहे.