आवाज नेमका कुठून येतो

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सोलापुरात येणाऱ्या पाहुण्यांना आसपासची ऐतिहासिक स्थळे दाखवण्याचे काम करतो. मे महिन्यात माझ्याकडे येणारी कुटुंबे बहुधा एकाच धाटणीची असतात: पुण्या-मुंबईत नोकरी करणारे आईवडील, सुट्टीसाठी आजीकडे आलेली मुले आणि वडिलांच्या खिशात आधीपासून तयार असलेली यादी. ज्या कुटुंबाविषयी मी लिहितो आहे, त्यांच्या यादीत विजापूरच्या एका दिवसासाठी सात ठिकाणे होती. गोलघुमट, संग्रहालय, जुम्मा मशीद, बारा कमान, इब्राहिम रोझा, उपळी बुरूज आणि मुलुखमैदान तोफ. सात हा आकडा मोठ्यांना झेपत नाही, तिथे मुलांची काय कथा. पण पहिल्या भेटीत हे बोलून दाखवले की लोक दुसरा वाटाड्या शोधतात, म्हणून मी गप्प राहिलो.

आम्ही पहाटे साडेचारला निघालो. सोलापूरचे मेमधले ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. शिवाय गोलघुमटाच्या सज्जातली कुजबुज ऐकायची तर गर्दीच्या आधीच वर पोहोचावे लागते. आजींनी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि ताकाची बाटली बांधून दिली होती. दहा वर्षांची थोरली गाडीत अखंड बोलत होती. आजी तिला घरातही ‘आमची मुलुखमैदान तोफ’ म्हणत, आणि आज आपण खरी तोफ पाहणार म्हणून तिला कोण आनंद झाला होता. सहा वर्षांचा धाकटा पिवळी टोपी डोळ्यांवर ओढून झोपला होता. टाकळीजवळ भीमा ओलांडली आणि रस्त्यावरच्या पाट्या कानडी झाल्या, तेव्हा थोरलीने त्या अक्षरांचे आकार बोटाने काचेवर गिरवायला सुरुवात केली.

घुमटाच्या कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे आहेत आणि वर जाण्याचा अरुंद जिना त्यांतूनच आहे. आम्ही वर पोहोचलो तेव्हा सुट्टीच्या सहलीच्या दोन बसगाड्या आमच्याही आधी रिकाम्या झालेल्या दिसल्या. सज्जात शिट्ट्या, टाळ्या आणि आरोळ्यांचा नुसता कल्लोळ चालला होता. एक टाळी इथे अनेकदा उमटते. पन्नास जणांनी टाळ्या वाजवल्यावर काय होत असेल, याची कल्पना करावी.

तरीही मी वडिलांना भिंतीशी उभे करून माझे आवडते प्रकरण सुरू केले. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये उभी राहिली, घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि मध्ये एकही खांब नाही, कारण एकमेकींना छेदणाऱ्या कमानी खालच्या चौकोनी दालनावर हा गोल भार तोलून धरतात. मग कुजबुजीचे कारण: आवाज अंतर्गोल भिंतीला लगटून पुढे सरकत जातो, चहूकडे पसरून विरत नाही, म्हणून भिंतीशी केलेली कुजबुज पलीकडच्या भिंतीशी कान लावणाऱ्याला ऐकू येते. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या अशाच सज्जाची उकल लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने केली होती, इथपर्यंत मी आलो आणि आईने विचारले, “छोटा कुठंय?”

शाळेच्या सहलीत दर थांब्यावर डोकी मोजण्याची मला इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी मात्र बोलण्याच्या भरात मी मोजली नव्हती. चूक सर्वस्वी माझी होती.

आईने त्याच्या नावाने हाक मारली. ती हाक घुमटात फिरून पुन्हा पुन्हा परत आली आणि तिच्या पाठोपाठ धाकट्याचे रडवेले “आई!” असे आले की ते नेमके कुठून आले, हे कोणालाच कळेना. “तो माझ्या शेजारीच आहे,” असे थोरली भिंतीकडे बोट दाखवून ओरडली. भिंतीशी कोणीही नव्हते. वडील डावीकडे धावले, मी उजवीकडे. दोन्हीकडे आवाज तितकाच जवळ वाटत होता. कठड्याशी दाटलेल्या माणसांमागे सहा वर्षांचे पोर दिसणे शक्य नव्हते. खाली पाहण्याचे धाडस आईला होत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही पहिले काही क्षण झाले नाही.

मग मला सुचले ते फार उशिरा सुचले. मी पहारेकऱ्याला कानडीत अडचण सांगितली. सोलापुरात राहिल्याने ती भाषा तोडकीमोडकी का होईना, येते. त्याने आणि सहलीच्या शिक्षकांनी मिळून सज्जा शांत केला. आईवडिलांना मी जागचे हलू नका असे सांगितले आणि भिंतीला तोंड लावून हळू बोललो, “मी सर बोलतोय. तू हरवलेला नाहीस. आहेस तिथंच भिंतीला टेकून उभा राहा.”

भिंतीतून हुंदका आला. मग, “सर, तुम्ही कुठं आहात?”

“भिंतीतच आहे असं समज. डोक्यावरची टोपी काढ, हात उंच कर आणि टोपी हलव.”

जवळजवळ समोरच्या अंगाला माणसांच्या खांद्यांवर पिवळे काहीतरी हलले. वडील गोल फिरून त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत मी भिंतीशी बोलतच राहिलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुधा पाढे म्हटले असावेत. कबुतरे पाहायला तो एका दारातून बाहेर गच्चीवर गेला होता आणि परत येताना हुबेहूब तशाच दुसऱ्या दारातून आत शिरला होता.

खाली हिरवळीवर भाकऱ्या खाल्ल्या. नगारखान्यातल्या संग्रहालयात शस्त्रे, हस्तलिखिते, गालिचे पाहून झाले. धाकट्याने आईची ओढणी सोडली नाही. वडिलांनी यादी काढली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि विचारले, “सर, तोफ तेवढी बघून परत जाऊ या?” मला हायसे वाटले. १५४९ मध्ये ओतलेली, सुमारे ५५ टनांची ती तोफ थोरलीने मनसोक्त न्याहाळली आणि तोफेच्या मुखाशी हत्तीला जबड्यात धरलेल्या सिंहाचे दात मोजले. दुपारच्या आत आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी सोलापुरातच राहून भैया चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात गेलो. हे त्यांचे राहते घर. म्हणून की काय, धाकटा आत शिरताच जरा सैलावला. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले, हे मी यावेळी चार वाक्यांत आटोपले आणि मध्ये दोनदा डोकी मोजली.

“म्हणजे ते या घरी परत आलेच नाहीत?” धाकट्याने विचारले.

“नाही आले.”

“हरवले होते?”

“नाही रे. जखमी सैनिकांवर उपचार करायला स्वतःहून गेले होते.”

तो छायाचित्राकडे पाहत राहिला. थोरलीने तोवर पुढच्या फलकावरचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला होता.