सोमवारपासून किचनमध्ये

काल रात्री फोंड्याला मित्राकडे आम्ही सहाजण जेवायला बसलो ते साडेअकरापर्यंत कोणी उठायचं नावच घेईना. काकूंनी बांगड्याची उडदमेथी केलेली, उडीद आणि मेथी आधी थोड्या तेलात भाजून मग खोबऱ्याच्या वाटणात घालायची, पण मेथी जरा जास्त लाल झाली की अख्खं कालवण कडू, हे मी स्वतः दोनदा करून बसलोय. सोबत उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. एकाने पोई (गोव्याचा पाव) आणलेली, ती शेवटी वाटी पुसायला कामी आली :)

तर बातमी अशी की सोमवारपासून मी पणजीत एका छोट्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये जॉइन होतोय. पोस्ट कसली, कांदे चिरा नि मासे साफ करा. बाबा म्हणाले, बीकॉम करून खोबरं किसणार? (हो, किसणार.) मुहूर्त पण बघा, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, म्हणजे ताजा मासा कमी आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली सुकी कोशिंबीर, जास्त.

निघताना काकूंनी कागदात तिरफळं (माशाच्या कालवणात घालायचा मसाला) बांधून दिली. म्हणाल्या, "वाटू नको हां, नुसती ठेचून घाल."