जिन्याचा उतार आणि अफरवटचा बर्फ

गुलमर्गला तिसऱ्यांदा जाताना मी आणि माझ्या ऐरोलीच्या मावसभावाने गस्तीखालचे उतार सोडून बाहेरच्या मोकळ्या बर्फात स्कीइंग करायचे ठरवले, आणि हिमस्खलनाचा अभ्यास ठाण्यातच सुरू करावा लागला. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून बर्फाचा थर अखंड लादीसारखा सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हे पुस्तकात सापडते. पण ३० अंश डोळ्यांना कसे दिसतात, ते सापडत नाही. म्हणून मोबाइलमधले कोनमापक लावून मी पाचपाखाडीतल्या आमच्या इमारतीचा जिना मोजला. तो ३२ अंश भरला. ज्या चढावरून मी रोज भाजीच्या पिशव्या वर नेते, तेवढा उतार बर्फात पुरेसा धोकादायक असतो, हे कळल्यावर डोंगरांचे फोटो मी वेगळ्या नजरेने पाहू लागले.

भाड्याने आणलेल्या ट्रान्सीव्हरचा सराव आम्ही इमारतीच्या दुरुस्तीसाठी पडलेल्या रेतीच्या ढिगावर केला. हे यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देते आणि गाडलेल्या माणसाचे यंत्र शोधते. पहिल्या वेळी पडद्यावरचे आकडे नुसते भरकटत होते. खिशातला मोबाइल काढून ठेवल्यावर ते वळणावर आले. तोवर अकरा मिनिटे गेली होती, आणि गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारले, "काय हरवलंय गं?" भाऊ म्हणाला, "मीच, काकू!"

निघण्यापूर्वी दोन आठवडे मी तिथले हवामान आणि चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेचे हिमस्खलनाचे इशारे रोज वाचत होते. मात्र इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, आपल्या उतारासाठी नव्हे. मला जास्त खटकली ती कोरडी हवा. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, त्या वर्षी बरेचसे निरभ्र गेले होते. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि पृष्ठभाग रात्री प्रचंड गार पडतो; थर पातळ असेल तर खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाच्या कणांचे एकमेकांना न धरणारे, कोनदार दाणे होतात. त्यांच्यावर मग दमदार हिमवृष्टी झाली की पाया कच्चा आणि वर बोजा, अशी अवस्था येते. आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्या दोन दिवसांत नेमकी तशी हिमवृष्टी झाली होती.

गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, अफरवट डोंगरावर गेल्यावर आमच्या काश्मिरी वाटाड्याने मुख्य उतारावर न जाता, तशाच दिशेच्या पण लहान आणि सुरक्षित जागी बर्फाचे थर पाहायला खड्डा खणला. तळाशी जाड्या रव्यासारखे दाणे होते. मी मूठ आवळून पाहिली, पण लाडू काही वळेना. मग त्याने ९० सेंटिमीटर रुंद आणि समोरून मागे ३० सेंटिमीटर असा बर्फाचा खांब मोकळा केला, त्याच्या एका टोकावर फावड्याचे पाते ठेवले आणि थापा मारायला सुरुवात केली: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कोपरातल्या तिसऱ्या थापेला, म्हणजे एकूण तेराव्या, त्या दाणेदार थरातून भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावली आणि वरची लादी आमच्याकडे सरकली. थापांच्या संख्येपेक्षा भेगेचे हे आरपार धावणे अधिक वाईट मानतात.

"दुसरीकडे खणून पाहू या," भाऊ म्हणाला. त्यात चूक एवढीच, की बर्फ दहा पावलांवर बदलतो, आणि हवे ते उत्तर मिळेपर्यंत खड्डे खणले तर ते कुठे तरी मिळतेच. शिवाय समोरच्या ३६ अंशांच्या उताराच्या माथ्यावर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ फुगून बसला होता. विमानाचे आणि हॉटेलचे पैसे मलाही आठवत होते, हे कबूल करते.

तो उतार सोडून, खाली ३० अंशांच्या आतले, वर कुठेही तीव्र चढ नसलेले उतार आम्ही एकेक करून उतरलो. भावाच्या स्कीखाली एकदा 'धप्प' असा, खालचा कच्चा थर खचल्याचा, दबका आवाज झाला, आणि त्यानंतर तो काही बोलला नाही.

३६ अंशांचा तो उतार मात्र आम्ही तिथे असेपर्यंत कोसळला नाही. ऐरोलीला जेवायला गेले की भाऊ अजून म्हणतो, "गेलो असतो तरी चाललं असतं."